घरातला फड्या निवडुंग : निगा आणि सावधगिरी

अकोल्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेले बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव कालंका देवीच्या प्राचीन हेमाडपंती मंदिरामुळे परिचित आहे. वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणेच येथेही मार्च उलटला की घरोघरी कूलर सुरू होतात आणि गच्चीवरील कुंड्यांतील गुलाब, शेवंती माना टाकू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. अकोला शहराला पाणी पुरविणारा काटेपूर्णा प्रकल्प याच तालुक्यातील महान येथे आहे. पण टंचाईच्या वर्षांत धरणाजवळच्या माणसालाही पाणी जपूनच वापरावे लागते. अशा प्रदेशात हौसेने बाग करणाऱ्याचे लक्ष निवडुंगाकडे वळावे, हे स्वाभाविकच आहे. त्यातही सर्वांत ओळखीचा म्हणजे हिरव्या चपट्या फड्यांचा, एकावर एक पाने रचल्यासारखा दिसणारा फड्या निवडुंग. काही जण त्याला नागफणी म्हणतात.

‘याला काही लागत नाही’ असे सांगून रोपवाटिकेतून तो घरी आणला जातो आणि वर्षभराच्या आत तळाशी कुजून कोसळतो, असा अनुभव अनेकांना येतो. गंमत म्हणजे तो उन्हाळ्यात मरत नाही, बहुधा श्रावणात मरतो. तहानेने दगावलेल्या निवडुंगांपेक्षा पाणी जास्त झाल्याने दगावलेल्यांची संख्या कितीतरी मोठी असते. म्हणूनच त्याची निगा कशी राखावी याबरोबरच ती किती राखावी, हेही समजून घेणे आवश्यक आहे.

खरा निवडुंग कोणता?

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग, साबर आणि शेर ही झाडे युफोर्बिया कुळातील आहेत. ती तोडली की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेची आग करतो आणि डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. फड्या निवडुंग मात्र कॅक्टस कुळातील ओपन्शिया या गटाचा आहे. त्याचा फडा कापला तर चीक येत नाही, बुळबुळीत पारदर्शक रस येतो. ओळखीची आणखी एक खूण म्हणजे फड्यावर ठरावीक अंतरावर असलेले लहान उशीसारखे ठिपके. काटे, फुले आणि नवे फडे याच ठिपक्यांतून निघतात. अशी उशी केवळ कॅक्टस कुळातच आढळते.

आपण ज्याला पान समजतो तो फडा हे वस्तुतः खोड आहे. खरी पाने कोवळ्या फड्यावर इवल्याशा टोकदार कोंबांच्या रूपात दिसतात आणि काही दिवसांत गळून पडतात. पाने नसल्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन घटते. शिवाय बहुतेक झाडे दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तर निवडुंग हे काम रात्री गारव्यात उरकतो आणि दिवसा रंध्रे मिटून घेतो. साठविलेल्या कार्बनचा उपयोग करून अन्न तयार करण्याचे काम दुसऱ्या दिवशी उन्हात होते. निगेचे पुढील सर्व नियम या एका गोष्टीवर बेतलेले आहेत.

परदेशातून आलेला कुंपणवाला

हे झाड इतके अंगवळणी पडले आहे की ते मूळचे येथले नाही, हे सांगूनही पटत नाही. पुण्याच्या नाना पेठेतील विठ्ठलमंदिर ‘निवडुंग्या विठोबा’ म्हणून ओळखले जाते. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात तेथेच मुक्कामाला असते. ओपन्शियाची जन्मभूमी मात्र अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर गरुड ज्या झाडावर बसलेला दिसतो ते झाड हेच. तेथे कोवळ्या फड्यांची भाजी होते आणि फळेही आवडीने खाल्ली जातात. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत निवडुंगाची लाल बोंडे दगडावर घासून, काटे काढून खाण्याची आणि नंतर रंगलेली जीभ एकमेकांना दाखविण्याची हौस मुलांना असे.

या झाडाचा भारतातील इतिहास एका किड्याशी जोडलेला आहे. ओपन्शियावर वाढणाऱ्या कोचिनिल जातीच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि एके काळी त्याला युरोपात मोठी किंमत होती. हा व्यापार आपल्या हाती यावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने प्रयत्न सुरू केले. कॅप्टन नीलसन याने १७९५ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथून असे किडे कलकत्त्याला आणले. पण ती जात दुय्यम प्रतीचा रंग देणारी निघाली. व्यापार फसला, किड्यांनी मात्र एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. तणाचा बंदोबस्त किड्याकरवी होऊ शकतो, हे जगाला दाखवून देणाऱ्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

दुसऱ्या काही जाती मात्र फोफावतच राहिल्या. कुंपणासाठी लावलेला निवडुंग शेतात, गायरानात आणि गावठाणात शिरला. दुष्काळात काटे जाळून फडे जनावरांना घालण्याचे प्रयोग ब्रिटिश अमदानीत झाले. तरी एरवी तो डोकेदुखीच होता. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनिलची आणखी एक जात आणण्यात आली आणि काही वर्षांतच निवडुंगाच्या जाळ्या ओसरल्या. ऑस्ट्रेलियात तर परिस्थिती याहून बिकट होती. तेथे १९२५ च्या सुमारास सुमारे ६ कोटी एकर जमीन या झाडाने व्यापली होती. अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मोकळी केली. कुंडीतील गोजिरवाण्या रोपाकडे पाहताना हा पूर्वेतिहास विसरून चालत नाही.

कोणती जात निवडावी?

घरासाठी प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. सशाच्या कानांसारख्या लहान गोल फड्यांचा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा ‘बनी इअर्स’ हा सर्वाधिक विकला जातो. तो फुटाच्या आसपास उंच होतो व खिडकीत मावतो. त्यावर मोठे काटे नसतात. परंतु प्रत्येक ठिपक्यात शेकडो बारीक कुसळे असतात. दुसरा प्रकार मोठ्या, जवळजवळ बिनकाट्यांच्या फड्यांचा. चाऱ्यासाठी आणि फळांसाठी जगभर याचीच लागवड होते. तो झपाट्याने वाढतो, म्हणून गच्ची किंवा अंगण असेल तरच घ्यावा. ‘बिनकाट्याचा’ म्हणजे बिनकुसळांचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तिसरा पांढरे-हिरवे पट्टे असलेला शोभेचा प्रकार. तो थोडा नाजूक असून भर उन्हात करपतो.

विकत घेताना फडे घट्ट आहेत का, बुंध्याशी तपकिरी मऊपणा नाही ना, ठिपक्यांभोवती कापसासारखा पांढरा पुंजका नाही ना, हे पाहावे. फड्याच्या टोकावर रंगीत फूल दिसले तर ते खरे आहे का हेही तपासावे. सुकलेली फुले डिंकाने चिकटवून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो.

जागा आणि ऊन

‘घरातले झाड’ म्हणून निवडुंग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवणे ही पहिली चूक. त्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. दक्षिणेकडील किंवा पश्चिमेकडील खिडकी, सज्जा अथवा व्हरांड्याची कड ही योग्य जागा. ऊन कमी पडले तर नवे फडे गोल न येता काकडीसारखे लांब, फिके आणि लुळे येतात. असे फडे पुन्हा गोल होत नाहीत. ते सांध्यापाशी कापून झाड उजेडात हलविणे हाच उपाय.

याउलट, सावलीतील झाड एकदम एप्रिलच्या उन्हात नेल्यास फड्यावर पांढरट किंवा तांबूस चट्टे पडतात. हे चट्टे कायमचे राहतात. जागा बदलायची असेल तर ती फेब्रुवारीत, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवीत बदलावी. काटक झाले तरी कुंडीतील झाडाची मुळे जमिनीतील झाडाप्रमाणे खोल गारव्यात नसतात. वऱ्हाडातील मे महिन्यात सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेली कुंडी दुपारी भट्टीसारखी तापते. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत कुंडी पूर्वेच्या बाजूला, सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी ठेवावी किंवा वर हिरवी जाळी बांधावी. कुंडीखाली दोन विटा ठेवल्यास तळ कमी तापतो.

कूलरच्या झोतासमोर निवडुंग कधीही ठेवू नये. तेथील दमट हवेत कुंडीची माती वाळत नाही आणि उन्हाळ्यातच मूळकुज सुरू होते.

कुंडी आणि माती

भाजलेल्या मातीची, तळाला छिद्र असलेली कुंडी सर्वोत्तम. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. काचेचे वाडगे, चिनी मातीची बिनछिद्राची भांडी आणि बाहेरून सजविलेले डबे शोभतात खरे, पण निवडुंगाच्या दृष्टीने ती पाण्याची डबकीच. झाडापेक्षा फार मोठी कुंडीही नको. जास्तीची माती ओली राहते आणि मुळांना तेवढे पाणी उचलता येत नाही.

मातीबाबत वऱ्हाडकरांनी विशेष काळजी घ्यायला हवी. आपली काळी कपाशीची जमीन पाणी धरून ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे. कपाशीला जे मानवते तेच कुंडीतील निवडुंगाला मारक ठरते. ओली असताना ती चिकट गोळा होते, वाळली की आकसून तडकते आणि मुळे तुटतात. शेतातील काळी माती कुंडीत भरणे कटाक्षाने टाळावे. एक भाग तांबूस किंवा पोयट्याची माती, एक भाग धुतलेली जाड रेती, एक भाग चाळलेला बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, हे मिश्रण उपयुक्त ठरते. मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर ते भुसभुशीत सुटले पाहिजे. रोपवाटिकेतील रोप बहुधा नारळाच्या भुशात वाढविलेले असते. ती भुशी एकदा पूर्ण वाळली की पाणी शोषत नाही आणि एकदा भिजली की लवकर वाळत नाही. म्हणून घरी आणल्यावर पंधरवड्याने, पावसाळा नसेल तर, माती बदलून घ्यावी.

पाणी : कमी वेळा, पण पोटभर

रोज कपभर पाणी घालणे ही सर्वांत घातक सवय. पाणी द्यायचे तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे, बशीत साचलेले फेकून द्यावे आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा देऊ नये. कोरडी लाकडी काडी मातीत खोल खोचून पाच मिनिटांनी काढावी. तिला माती चिकटली तर थांबावे.

ऋतुमानाप्रमाणे अंदाज असा : फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा ते बारा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये सात ते दहा दिवसांनी, तेही सूर्यास्तानंतर. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घातल्यास मुळे अक्षरशः शिजतात. मेमध्ये रात्रीही गारवा नसेल तेव्हा निवडुंगाची रंध्रे नीट उघडत नाहीत आणि त्याची वाढ मंदावते. अशा वेळी तो सुस्त दिसला म्हणून पाण्याचा मारा करू नये. जून ते सप्टेंबर कुंडी पावसापासून आडोशाला ठेवावी आणि फडे सुरकुतले तरच, तीन आठवड्यांनी पाणी द्यावे. पहिल्या पावसाच्या एक-दोन सरी चालतात. आठवडाभराची झड चालत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पंधरा दिवसांनी आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुरते. हिवाळ्यातील ही कोरडी विश्रांती फुलांसाठी आवश्यक असते. कोवळे झाड आणि घरात वाढणारे झाड मात्र क्वचितच फुलते. त्यासाठी भरपूर ऊन आणि काही वर्षांचा धीर लागतो.

पाण्याच्या प्रतीकडेही लक्ष द्यावे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे व बोअरचे पाणी खारे असते. सतत तेच दिल्यास कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो आणि मुळे जळतात. पावसाचे साठविलेले पाणी हा तेथे उत्तम पर्याय. निवडुंगाला लागते इतके थोडे की चार-पाच डब्यांचा साठा महिनोन्‌महिने पुरतो.

सुरकुतलेल्या फड्याचा अर्थ लावताना घाई करू नये. माती कोरडी असून फडे पातळ झाले असतील तर ती तहान. पण माती ओली असूनही फडे सुरकुतले असतील तर मुळे कुजली आहेत असे समजावे. पाहताना दोन्ही सारखेच दिसते. अशा वेळी पाणी घालणारा माणूसच झाडाचा अंत करतो.

खत, कुंडीबदल आणि नवे रोप

फेब्रुवारीअखेर मूठभर गांडूळखत आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेवढेच, इतके खत पुरते. युरियासारख्या नत्रयुक्त खताने फडे फुगतात, पण आतून पोकळ व रोगट होतात.

कुंडी दोन-तीन वर्षांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बदलावी. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्राची चार-सहा पदरी पट्टी करून झाडाला गुंडाळावी आणि पट्टीची टोके धरून झाड उचलावे. हातमोज्यांतून कुसळे आत शिरतात. कागदाची पट्टी मात्र काम झाले की टाकून देता येते. नव्या कुंडीत लावल्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा भरून येतात.

नवे रोप करणे अतिशय सोपे आहे. पूर्ण वाढलेला फडा सांध्यापाशी धारदार सुरीने कापावा आणि सावलीत सात ते दहा दिवस ठेवून कापाची बाजू कोरडी, कडक होऊ द्यावी. नंतर तो एक-तृतीयांश मातीत उभा रोवावा व चार-पाच दिवसांनी थोडे पाणी द्यावे. महिनाभरात मुळे धरतात. ताजा कापलेला फडा लगेच रोवला तर तो हमखास कुजतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

कीड आणि कुज

ठिपक्यांभोवती पांढरे कापसासारखे पुंजके दिसले की ते पिठ्या ढेकूण असतात किंवा कोचिनिल. एक पुंजका काडीने चिरडून पाहावा. गडद किरमिजी रंग निघाला तर कोचिनिल, म्हणजेच ज्यांच्या भाईबंदांनी शंभर वर्षांपूर्वी देशभरातील जाळ्या संपविल्या तोच किडा. कुंडीतील एका झाडाला संपविणे त्याला मुळीच कठीण नाही. रोगट कुंडी ताबडतोब वेगळी करावी. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साबणाच्या सौम्य पाण्यात पुंजके घासून काढावेत, उरलेल्यांवर स्पिरिटमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा टेकवावा. दर पाच-सहा दिवसांनी असे तीन-चार वेळा करावे. निंबोळी अर्काची संध्याकाळी केलेली फवारणीही उपयोगी पडते.

बुंधा मऊ, तपकिरी झाला तर खालचा भाग वाचविण्याच्या फंदात पडू नये. वरचे निरोगी फडे कापावेत, कापलेल्या जागी तपकिरी डाग उरला नाही याची खात्री करावी आणि ते वाळवून नव्या मातीत लावावेत. जुनी माती पुन्हा वापरू नये.

कुसळे टोचल्यास

निवडुंगाचा मोठा काटा दिसतो, म्हणून आपण तो टाळतो. खरा त्रास कुसळांचा. ती केसापेक्षा बारीक, टोकाशी उलट्या दातऱ्यांची असतात आणि हलक्या स्पर्शानेही सुटतात. टोचल्यावर हात चोळू नये आणि दातांनी ती उपटू नयेत; ओठात व जिभेत शिरतात. प्रथम चिमट्याने जितकी निघतील तितकी काढावीत. मग त्वचेवर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन त्यावर गॉजचा तुकडा दाबावा आणि गोंद वाळल्यावर तो सोलून काढावा. डोळ्यात कुसळ गेल्यास डोळा न चोळता तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

घरात रांगते मूल असेल तर निवडुंग त्याच्या हाताच्या उंचीवर ठेवू नये. ‘काटेरी झाड घरात लावू नये’ ही जुनी समजूत शुभ-अशुभाच्या भाषेत सांगितली जाते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण लहान मुलांच्या घरात तिच्यामागे व्यवहारही आहे. याउलट, संगणकाशेजारी ठेवलेला निवडुंग किरणोत्सर्ग शोषून घेतो, या समजुतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तेथे त्याला फक्त ऊन मिळत नाही. तो रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरे, परंतु एका कुंडीमुळे खोलीतील हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

फेकू नका, वाळवा

निवडुंग वाढला, नकोसा झाला किंवा छाटणीचे फडे उरले की ते नाल्याकाठी, मोकळ्या भूखंडावर वा रानात टाकून देण्याची प्रवृत्ती दिसते. पडलेला फडा मातीला टेकला की मूळ धरतो आणि एका फड्याची जाळी होते. ओपन्शियाची एक जात जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परकीय जीवजातींच्या यादीत आहे. बार्शीटाकळी तालुक्यापासून काटेपूर्णा अभयारण्य दूर नाही. तेथील गवत आणि झुडपे यांच्यात हा पाहुणा शिरला तर त्याला बाहेर काढण्याचे श्रम पुढच्या पिढीला करावे लागतील. म्हणून छाटलेले फडे तुकडे करून फरशीवर किंवा पत्र्यावर उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मगच टाकावेत. वऱ्हाडच्या उन्हात या कामाला फारसा वेळ लागत नाही. शेजाऱ्याला फडा द्यायचा असेल तर कुंडीसह द्यावा आणि त्याबरोबर या चार गोष्टीही सांगाव्यात.

बिनकाट्याच्या निवडुंगाची चारापीक म्हणून नियोजनपूर्वक लागवड करण्याचे प्रयत्न कोरडवाहू भागांसाठी अलीकडच्या वर्षांत देशात सुरू आहेत. ताज्या फड्यात बहुतांश पाणीच असल्याने टंचाईच्या काळात तो जनावरांची तहानही काही प्रमाणात भागवितो. एके काळी वैरी ठरलेले झाड सांभाळून वापरले तर उपयोगी पडते, असा याचा अर्थ. घरातील कुंडीपुरते बोलायचे तर त्याच्या अपेक्षा मोजक्या आहेत : ऊन द्यावे, निचरा द्यावा आणि पाणी द्यायला हात पुढे झाला की एकदा माती पाहावी. एवढे सांभाळले तर आज लावलेला एक फडा पुढची अनेक वर्षे खिडकीत उभा राहील.